भाजक, तारीख आणि नकाशा: सार्वजनिक आरोग्यात आलेख काढण्याचं काम

जुलै-ऑगस्टमधली जिल्ह्याची साथरोग आढावा बैठक डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर डेंग्यूची स्लाइड येते. तेरा-चौदा तालुके, तेवढेच रंग, त्रिमितीय स्तंभ आणि खाली मान वाकडी करून वाचावी लागतील अशी तिरकी नावं. जिल्हा आरोग्य अधिकारी एकच विचारतात, "या आठवड्यात पथकं आधी कुठे पाठवायची?" स्लाइडवर आकडे सगळे आहेत, उत्तर तेवढं नाही. मग कुणीतरी कागदांचा गठ्ठा उलगडतं आणि बोट फिरवत ओळी शोधू लागतं.

त्या अधिकाऱ्याला दहा सेकंदांत उत्तर दिसेल असं चित्र तयार करणं, हे सार्वजनिक आरोग्यातल्या डेटा व्हिज्युअलायझेशनचं काम. जाहिरातीत मात्र हे नाव क्वचितच सापडेल. तिथे डेटा मॅनेजर, एमआयएस, मूल्यमापन व संनियंत्रण अधिकारी, साथरोगतज्ज्ञ असं काहीतरी छापलेलं असतं आणि आलेख काढणं हे कामाच्या यादीत सातव्या-आठव्या क्रमांकावर लपलेलं असतं. प्रत्यक्षात रुजू झाल्यावर आठवड्यातले दोन दिवस त्यातच जातात. आणि त्या दोन दिवसांतलाही बहुतेक वेळ चित्र काढण्यात जात नाही. समोरचा आकडा नेमका कशाचा आहे, हे शोधण्यात जातो. सॉफ्टवेअर शिकायला तीन महिने पुरतात, आकडा ओळखायला जास्त लागतात. म्हणून इथे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आकडा येतो कुठून

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम, म्हणजे सगळे ज्याला आयडीएसपी म्हणतात तो, २००४ साली सुरू झाला. त्यात तीन प्रकारचे फॉर्म आहेत. 'एस' फॉर्म उपकेंद्रावरचे आरोग्यसेवक भरतात, तो लक्षणांवरून धरलेल्या संशयित रुग्णांचा. 'पी' फॉर्म वैद्यकीय अधिकाऱ्याचा, तपासून केलेल्या निदानाचा. 'एल' फॉर्म प्रयोगशाळेचा, खात्री झालेल्यांचा. पूर्वी हे आठवड्याला गोळा व्हायचं. आता आयएचआयपी या ऑनलाइन व्यवस्थेत रोज भरलं जातं. एकाच तालुक्यात एकाच आठवड्यात या तिन्हींचे आकडे तीन वेगळे असतात आणि तिन्ही बरोबर असतात. आलेखावर नुसतं 'तापाचे रुग्ण' लिहून त्यांची बेरीज केली, तर एकच माणूस तीनदा मोजला जातो.

डेंग्यूचं उदाहरण घ्या. खासगी दवाखान्यात झटपट किटवर एनएस-१, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन, पॉझिटिव्ह आलं की घरचे म्हणतात डेंग्यू झाला. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या लेखी मात्र तो अजून संशयित असतो. नेमून दिलेल्या प्रयोगशाळेत एलायझा चाचणी झाली की मग तो खात्रीचा रुग्ण. त्यामुळे वर्तमानपत्रातला आकडा आणि महापालिकेचा आकडा जुळत नाही, आणि लगेच 'आकडे लपवले'ची आरोळी उठते. कधी लपवलेले असतीलही. पण आलेखाखाली 'फक्त एलायझा-सिद्ध रुग्ण' एवढे तीन शब्द असते तर निम्मा वाद झालाच नसता.

दुसरा मोठा स्रोत एचएमआयएस, म्हणजे आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली. प्रत्येक सरकारी आरोग्य संस्था दर महिन्याला त्यात प्रसूती, लसीकरण, बाह्यरुग्ण वगैरे भरते. इथला ठरलेला सापळा म्हणजे रिकामा चौकोन. शून्य म्हणजे या महिन्यात एकही घटना नाही. रिकामं म्हणजे कुणी माहितीच भरली नाही. एक्सेल दोन्हींना सारखंच वागवू शकतं. डेटा एन्ट्री ऑपरेटर महिनाभर रजेवर गेला की आलेखात त्या केंद्रातले बालमृत्यू शून्यावर येतात आणि बैठकीत अभिनंदन होतं. म्हणून आलेखाआधी प्रत्येक रकान्यातले रिकामे चौकोन मोजा, आणि रेषा काढताना रिकाम्या महिन्याला रेषा तुटू द्या.

राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षण ही तिसरी खाण. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत देशभरातली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं आणि ७०७ जिल्हे होते. जिल्हावार माहितीपत्रकं कुणालाही मिळतात. पण हा नमुना आहे, मोजणी नाही. महाराष्ट्रात वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होतं, पाचव्यात ३५.२. उभा अक्ष ३४ पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो आणि 'कुपोषणात उसळी' असा मथळा तयार होतो. नमुना सर्वेक्षणात पाऊण-एक टक्क्याचा फरक नमुन्याच्या चुकीतच मुरतो. अक्ष शून्यापासून घेतला की दोन स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात, आणि खरी गोष्ट तीच आहे: चार वर्षांत काही हललं नाही. बातमी म्हणून तीही कमी गंभीर नाही.

स्तंभांचा अक्ष शून्यापासून, हा नियम पाळायचाच, कारण स्तंभात आपण लांबी वाचतो. रेषेला तो लागू नाही, तिथे आपण चढ-उतार वाचतो.

एक गोष्ट जाता जाता. 'आमच्या जिल्ह्याचा बालमृत्युदर' असा आलेख दिसला की स्रोत विचारा. नमुना नोंदणी पद्धती, म्हणजे एसआरएस, राज्याचा दर देते, जिल्ह्याचा नाही. कौटुंबिक सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकातही तो नसतो. मग तो आकडा बहुधा नोंदवलेल्या मृत्यूंना नोंदवलेल्या जन्मांनी भागून आलेला असतो आणि नोंद जितकी ढिसाळ तितका दर छान.

भाजक

पुणे जिल्ह्यात ३०० रुग्ण आणि सिंधुदुर्गात ५०, असं समजू. नुसते स्तंभ काढले की सगळ्यांचे डोळे पुण्याकडे जातात. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती, सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. लाखामागे काढलं तर पुणे ३.२, सिंधुदुर्ग ५.९. चित्र उलटलं.

कशाच्या मागे भागायचं हे आजारागणिक ठरलेलं आहे. हिवतापाचा वार्षिक परजीवी निर्देशांक हजार लोकसंख्येमागे. अर्भकमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे. मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे. डेंग्यू बहुधा लाख लोकसंख्येमागे. एकाच स्लाइडवर हे दोन-तीन शेजारी आले आणि एकक लिहिलं नाही, की २५ हा आकडा १०० पेक्षा सौम्य वाटतो. प्रत्यक्षात हजारामागे २५ म्हणजे लाखामागे २,५००.

भाजक निवडणं सोपं वाटतं तेवढं नाही. २०११ नंतरची जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती पुढे गेली. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाचे २०११ ते २०३६ चे अंदाज आहेत, पण ते राज्यांचे. तालुक्याला लागतं ते कुठून आणणार? कुणी दरसाल ठरावीक टक्के वाढवतं, कुणी आशाताईंच्या घरभेटीतली संख्या घेतं. काहीही चालेल, फक्त सगळ्या तालुक्यांना एकच पद्धत लावा आणि ती आलेखाखाली लिहा.

लसीकरणात तर भाजकाचा हमखास घोळ होतो. एखाद्या तालुक्याचं काम ११२ टक्के दिसतं. शंभराच्या वर कसं? लाभार्थी किती हे अंदाजाने ठरवलेलं असतं आणि प्रत्यक्षात मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या असतात. जन्म माहेरच्या तालुक्यात, जन्मावेळचा बीसीजीचा डोस तिथेच, पेंटाव्हॅलंटचा दुसरा-तिसरा सासरच्या तालुक्यात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचंही तसंच. दिवाळीनंतर गावं ओस पडतात, लसीचे डोस पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या तळांवर दिले जातात किंवा राहून जातात. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत बीडची रेषा खाली गेलेली दिसली तर त्यात आरोग्यसेविकेचा आळस किती आणि स्थलांतर किती, हे एकट्या आलेखावरून कळत नाही. आलेखाने निदान तो पट्टा फिक्या रंगात दाखवून 'ऊसतोडणीचा हंगाम' असं लिहावं.

मृत्यूंच्या बाबतीत रहिवास बघा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांतले अत्यवस्थ रुग्ण येतात. मृत्यू जिथे झाला तिथे मोजला तर मेडिकल कॉलेज असलेलं शहर कायम लाल दिसतं. याच जातीचा आणखी एक घोळ वयाचा. केरळचा ढोबळ मृत्युदर बिहारपेक्षा जास्त येतो, कारण तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीची तुलना ठाण्याशी करतानाही तेच होतं. वयानुसार प्रमाणित दर काढता येत नसेल, तर अशी तुलना निदान वयोगट पाडून दाखवा.

आणि लहान आकडे. सपाट भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ३०,००० लोकसंख्येसाठी असतं. तिथे वर्षाला ४०० जन्म धरा. त्यातली १० बाळं दगावली तर दर २५. पुढच्या वर्षी ६ दगावली, दर १५. 'चाळीस टक्के घट', बक्षीस द्या! पण १० या मोजणीला नशिबाचा जो हेलकावा असतो तो धरला तर २५ चा पल्ला साधारण १२ ते ४६ असा निघतो आणि १५ चा ६ ते ३३. दोन्ही पल्ले एकमेकांवर चढलेले आहेत. मग काय करायचं? तीन वर्षांची बेरीज करून दर काढा, किंवा बिंदूच्या दोन्ही बाजूंना पल्ल्याची रेघ दाखवा. आढावा बैठकीत ती रेघ बघून कुणीतरी 'हे काय?' विचारणारच. एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर तयार ठेवा: "खरा दर या रेघेत कुठेही असू शकतो, म्हणून या दोन केंद्रांत फरक आहे असं आज म्हणता येत नाही."

तारीख

रुग्णाला ताप आला ती तारीख, तो दवाखान्यात आला ती, नमुना घेतला ती, अहवाल आला ती, पोर्टलवर नोंद झाली ती. लाइन लिस्टमध्ये, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशा यादीत, या पाचही असू शकतात. उद्रेकाचा आलेख पहिल्या तारखेवर काढायचा असतो, कारण संसर्ग कधी झाला हे तिच्यावरूनच मागे मोजत जाता येतं. नोंदीच्या तारखेवर काढला तर रविवारी खड्डा आणि सोमवारी उंचवटा दिसतो. तो आजाराचा नसतो, कार्यालयाच्या सुट्टीचा असतो.

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने कोरोनाचे आधी राहून गेलेले १,३२८ मृत्यू ताळमेळ घालून एकदम जाहीर केले. नोंदीच्या तारखेवर काढलेल्या प्रत्येक आलेखात त्या दिवशी सुळका आहे. कुणी त्याला शिखर समजलं, कुणी तो दिवस गुपचूप गाळला. दोन्ही चूक. सुळका ठेवायचा आणि त्याला चिठ्ठी लावायची, किंवा मृत्यूच्या खऱ्या तारखा मिळवून आलेख नव्याने काढायचा.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागाने एक स्तंभालेख प्रसिद्ध केला. त्यात तारखा काळाच्या क्रमाने नव्हत्याच, मोठ्या आकड्याकडून लहानाकडे लावलेल्या होत्या. साहजिकच साथ उतरताना दिसली. टीका झाली, तो बदलावा लागला. यात कट असेलच असं नाही. 'उतरत्या क्रमाने लावा' हे एक बटण आहे आणि ते जिल्ह्यांना लावायचं असतं, तारखांना नाही.

स्तंभाची रुंदी किती दिवसांची ठेवायची, याला एक ढोबळ नियम आहे. आजाराच्या अधिशयन काळाचा, म्हणजे संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाचा, पाव ते एक तृतीयांश भाग. डेंग्यूत तो काळ ४ ते १० दिवस असतो, म्हणून दोन दिवसांचा स्तंभ. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, म्हणून बारा तासांचा किंवा त्याहून लहान. ई प्रकारच्या काविळीत दोन ते आठ आठवडे, तिथे आठवड्याचा स्तंभ पुरतो. रुंदी बरोबर असली की आकार बोलतो. पाण्याची एक लाइन फुटून गटाराचं पाणी शिरलं असेल तर एकच उंचवटा झपकन चढतो आणि हळू उतरतो. माणसाकडून माणसाला पसरत असेल तर लाटांमागून लाटा येतात, प्रत्येक आधीपेक्षा उंच.

शेवटचे सात-दहा दिवस कायम अर्धवट असतात, कारण त्या दिवसांत आजारी पडलेल्यांचे अहवाल अजून यायचे असतात. ते स्तंभ पोकळ किंवा राखाडी काढा. नाहीतर प्रत्येक आठवड्याचा आलेख 'साथ ओसरतेय' असंच सांगतो आणि पुढच्या आठवड्यात खोटा ठरतो.

एक्सेलमध्ये तारखेची चोरटी चूक होते ती अशी. फाइलमध्ये ०४-०५-२०२४ लिहिलंय, म्हणजे ४ मे. संगणकाची सेटिंग अमेरिकन असली तर तो ५ एप्रिल वाचतो आणि चकार शब्द काढत नाही. १३ तारखेपासून पुढे मात्र त्याला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून त्या तारखा तो मजकूर म्हणून सोडून देतो. रकान्याकडे नीट बघा: काही तारखा चौकोनाच्या उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या तर हेच झालंय. आता दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइल पुन्हा उघडून तारखेचा प्रकार आधी सांगा. आणखी एक: इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर नोंदलेच गेले नाहीत, कारण जुन्या एक्सेल प्रकारात ६५,५३६ च्या पुढच्या ओळी मावत नाहीत. फाइल उघडल्यावर ओळी मोजा, बंद करताना पुन्हा मोजा.

नकाशा

नकाशा सगळ्यांना हवा असतो आणि निम्म्या वेळा तो नको असतो. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर, मुंबईचे दोन जिल्हे मिळून सहाशेच्या आसपास. लोकसंख्या मात्र मुंबईची गडचिरोलीच्या साडेअकरा पट. रंगवलेल्या नकाशात गडचिरोली डोळ्यांत भरते आणि मुंबई टाचणीच्या डोक्याएवढी. हिवतापासाठी हे चालून जातं, कारण राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा खरंच गडचिरोलीतच आहे. क्षयरोगासाठी चालत नाही. तिथे आकड्यांच्या क्रमाने लावलेले आडवे स्तंभ बरे.

नकाशा काढायचाच असेल तर जिल्ह्यांच्या सीमांची फाइल कोणत्या सालची आहे ते आधी तपासा. २०११ च्या फाइलमध्ये ३५ जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, आता ३६. जुन्या ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती, त्यातले २९,९०,११६ लोक पालघरमध्ये गेले. आजच्या ठाण्याच्या रुग्णांना चुकून जुन्या ठाण्याने भागलं तर दर २७ टक्के कमी दिसतो. आणि पालघरला जागाच नसल्याने जव्हार-मोखाडा नकाशातून गायब. कुपोषणाच्या नकाशात नेमकं तेच गायब होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

नावांवरून दोन तक्ते जोडणं टाळा. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. जनगणनेच्या इंग्रजी यादीत आपल्या रायगडचं स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखंच आहे. त्यातच आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी नवी नावं काही तक्त्यांत आहेत, काहींत नाहीत. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक राज्य, जिल्हा, तालुका, गावाला कायमचा क्रमांक दिलेला आहे. महाराष्ट्राचा २७. जोडणी त्या क्रमांकावर करा. देशाचा नकाशा असेल तर बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्याच हव्यात. परदेशी सॉफ्टवेअरसोबत आलेल्या तयार नकाशात जम्मू-काश्मीर वेगळं असतं. असा अहवाल सरकारी दारातून परत येतो आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडू शकतो.

रंगांचे गट क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, स्वतः पाडून देतं, दर वेळी वेगळे. मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा नकाशा शेजारी ठेवताना गटांच्या सीमा हाताने एकच करा. रंग एकाच छटेचे, फिक्याकडून गडद. लाल-हिरवी जोडी टाळा: काही पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही, आणि पंचायत समितीच्या झेरॉक्समध्ये तर कुणालाच दिसत नाही. आलेख आधी काळा-पांढरा छापून बघणं ही स्वस्तातली चांगली चाचणी.

गावपातळीच्या ठिपक्यांबद्दल कडक राहा. एखाद्या वाडीत एकच एचआयव्हीबाधित असेल तर ठिपका म्हणजे घराचा पत्ताच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती उघड करायला मनाई आहे. पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तिथे आकडा न देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ आहे. मात्र बेरजेच्या ओळीतून वजाबाकी करून तो काढता येणार नाही ना, तेही बघावं लागतं.

मराठीत काढताना

आशाताई, सरपंच, आरोग्य सभापती यांच्यासाठीचा आलेख मराठीतच हवा आणि सॉफ्टवेअर तिथे रडवतं. चाचणीसाठी एकच शब्द पुरतो: सिंधुदुर्ग. त्यात पहिली वेलांटी, अनुस्वार, उकार आणि रफार सगळं आहे. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये नेहमीच्या पद्धतीने काढलं तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि रफार सुटून पडतो. 'आर' या भाषेत साधी पीडीएफ काढतानाही असंच होतं, तिथे रॅग हे पॅकेज वापरून पीएनजी काढली की अक्षरं जुळतात. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि बारीक आकारातही वाचता येतात. मराठी आकडे फार बारीक छापू नका, १ आणि ९ एकमेकांसारखे दिसू लागतात. स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी हवेत, १२,३४,५६७ असे. सॉफ्टवेअर स्वतःहून तीन-तीन आकड्यांचे गट पाडतं, ते बदलावं लागतं. जुन्या फाइली श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असतील तर उघडल्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदला, मग पुढे.

'छत्रपती संभाजीनगर' हे नाव उभ्या स्तंभाखाली बसत नाही. म्हणून स्तंभ आडवे, नावं डावीकडे सरळ.

तीच स्लाइड पुन्हा

सुरुवातीच्या बैठकीतली स्लाइड आता नव्याने लावू. मथळ्यातच निष्कर्ष: 'गेल्या दोन आठवड्यांत तीन तालुक्यांत डेंग्यूचा दर जिल्ह्याच्या दुपटीवर'. खाली आडवे स्तंभ, लाखामागच्या दराने लावलेले, सगळे राखाडी आणि फक्त ते तीन गडद. प्रत्येक स्तंभाच्या टोकाला दर आणि कंसात प्रत्यक्ष रुग्ण, कारण दर मोठा आणि रुग्ण दोनच, असंही असतं. जिल्ह्याच्या सरासरीची एक उभी रेघ. उजवीकडे एक अरुंद रकाना ब्रेटो निर्देशांकाचा, म्हणजे तपासलेल्या शंभर घरांमागे डासअळ्या सापडलेली किती भांडी. दर अजून कमी पण ब्रेटो चढलेला असा तालुका तिथे लगेच दिसतो. तिथे धूरफवारणीला अजून वेळ आहे, आज माणसं पाणी ओतून द्यायला आणि अॅबेट हे अळीनाशक टाकायला पाठवायला हवीत. तळाशी बारीक अक्षरात: एलायझा-सिद्ध रुग्ण, ताप आल्याच्या तारखेनुसार, लोकसंख्येचा आधार, माहिती कोणत्या तारखेला, किती वाजता उतरवली.

ही स्लाइड बैठकीनंतर व्हॉट्सअॅपवर फिरणार, हेही धरून चाला. फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि तळाची ओळ वाचता येत नाही, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइलवर उघडून बघा. बोटांनी मोठं करावं लागलं तर अक्षर लहान आहे.

शिकायचं काय, काम मिळतं कुठे

क्रम असा ठेवा: आधी एक्सेल, तेही पिव्हट टेबल आणि पॉवर क्वेरीपर्यंत, कारण तालुक्याला तेच चालतं. मग क्यूजीआयएस, ते फुकट आहे. मग आर किंवा पायथन, दोन्हींपैकी एकच. साथरोगशास्त्रात आरचं चलन जास्त आहे आणि आलेख काढायचं जीजीप्लॉट-२ हे पॅकेज त्यातच मिळतं. पॉवर बीआयसारखं डॅशबोर्डचं साधन सर्वांत शेवटी, कारण ते दोन आठवड्यांत येतं आणि आधीच्या गोष्टी कच्च्या असतील तर चुका फक्त जास्त देखण्या होतात. यासोबत साथरोगशास्त्राचं एक प्राथमिक पुस्तक पेन्सिल घेऊन वाचा.

पदवी कोणतीही चालते. संख्याशास्त्र, भूगोल, नर्सिंग, बीएएमएस, संगणक, या सगळ्यांतून माणसं इथे येतात. पुढे शिकायचं तर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) आणि देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, चेन्नईत आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था. जागा निघतात त्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात, महापालिकांच्या साथरोग कक्षात, राज्याच्या आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्रात, संशोधन संस्थांत, स्वयंसेवी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांत. अभियानातल्या जागा बहुतेक ११ महिन्यांच्या करारावर असतात. जाहिरातीतल्या 'एकत्रित मानधना'त फिरतीचा खर्च धरलाय का, ते रुजू होण्याआधी विचारा, कारण फिरती असतेच. संशोधन संस्थांत काम प्रकल्पापुरतं असतं, निधी संपला की जागाही. स्थैर्य हवं असेल त्याने हे आधीच जमेस धरावं.

दाखवायला तीन कामं पुरतात आणि तिन्ही उघड उपलब्ध माहितीतून करता येतात: कौटुंबिक सर्वेक्षणाच्या चौथ्या-पाचव्या फेरीची जिल्हावार तुलना, पल्ल्यासकट, एचएमआयएसच्या एका निर्देशकाची महिनावार रेषा, रिकामे महिने तुटक दाखवून, आणि ३६ जिल्ह्यांचा एक नकाशा, मराठीत. निवडीच्या वेळी बरेचदा एक घाणेरडी एक्सेल फाइल देऊन दोन तास देतात. त्यात पुनरावृत्ती, उलटसुलट तारखा, दोन स्पेलिंगांचं बुलढाणा आणि १९९ वर्षांचा एक रुग्ण मुद्दाम पेरलेला असतो. पहिला तास साफसफाईत गेला तरी घाबरू नका. एकच आलेख द्या आणि त्यासोबत पाच ओळींची टीप: किती ओळी आल्या, किती गाळल्या, का गाळल्या, कुठली तारीख वापरली, भाजक कुठला.